नाक धरून सांगितलेल्या गोष्टी

इंदोरा, नागपूर
१६ एप्रिल १९७३

चि. कौसल्या,

तुझ्या आईचा जयभीम. माझाही घ्यायचा असेल तर घे, जबरदस्ती नाही.

हे पत्र तुझी आई सांगते आहे आणि मी फक्त लिहितो आहे. दरवेळी शेजारच्या कुसुमताई लिहून देतात, पण त्यांच्या शाळेच्या परीक्षा संपल्या आणि त्या भावाकडे काटोलला निघून गेल्या. तेव्हा पेन माझ्या हातात आलं. चार वर्षांनी बापाचं अक्षर पाहून दुसरं काही समजू नकोस.

आई सांगते की तुझी विशाखा मजेत आहे. गल्लीतल्या पोरांशी भांडते आणि रोज एक तरी फ्रॉक फाडून आणते. परवा जयंतीच्या मिरवणुकीला मी तिला खांद्यावर बसवून नेलं. ऊन होतंच, एप्रिलात नागपूरला दुसरं काय असणार! इंदोरा चौकाच्या अलीकडे तिचा थोडा घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं. मी लगेच खाली घेतलं, मान मागे करून आभाळाकडे बघायला लावलं, डोक्यावर थंड पाण्याचा तांब्या ओतला. रक्त थांबलं. एवढंच.

"थोडा नाई, लई फुटला असं लिवा," तुझी आई मागून म्हणते आहे. "आन् उलटीचं लिवा."

उलटी उन्हाने झाली असावी. मिरवणुकीत जागोजाग सरबत वाटत होते, ते पोरगी बरंच प्याली होती. सरबत लाल होतं.

आई विचारते की तू वेळेवर जेवतेस का. जावई रुपरावांची ड्युटी अजून रेल्वेच्या लाइनवरच आहे का? हे मी विचारत नाही, आई विचारते. आंतरदेशीय संपत आलं.

आईच्या वतीने,
आनंदराव


इंदोरा, नागपूर
२७ एप्रिल १९७३

चि. कौसल्या,

तुझं पत्र आलं. म्हणजे तुझ्या आईला आलं, पण तिला वाचता येत नाही हे तुलाही माहीत आहे, म्हणून मीच वाचलं. मोठ्याने वाचलं. 'बाबांना विचार, उलटी सरबताची होती की गिळलेल्या रक्ताची' हे वाक्य मला माझ्याच तोंडाने वाचावं लागलं, आणि समोर तुझी आई कमरेवर हात ठेवून उभी. तू मुद्दाम तसं लिहितेस की काय, कोण जाणे.

रक्ताची होती. झालं समाधान?

त्यानंतरही दोनदा फुटला. एकदा सकाळी तोंड धुताना, एकदा बाहुलीचं लग्न लावताना. दोन्ही वेळा मी तेच केलं जे माझ्या मायने माझ्यासाठी केलं होतं. तू लिहितेस की ते सगळं चूक आहे. मान मागे केली की रक्त घशात उतरतं, पोटात साचतं, पोट ते बाहेर फेकतं. पोरीला सरळ बसवून पुढे वाकवायचं, मान खाली घालायची, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दाबून दहा मिनिटं सोडायचा नाही, श्वास तोंडाने. घशात आलेलं थुंकून टाकू द्यायचं. वाचलं सगळं. कान देऊन ऐकलं, तुझ्या आईने तर दोनदा वाचायला लावलं.

बाकीचं ठीक आहे. पण मान खाली घाल असं या घरात मी कुठल्याच लेकराला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. माझा बाप गावात पाटलाच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्यायचा आणि मान अशी घालायचा की त्याला स्वतःच्या पायाची बोटं तेवढी दिसावीत. छप्पन साली दीक्षा घेऊन आपण परत येत होतो, तू बारा वर्षांची, माझं बोट धरून. तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो ते तू विसरली नसशील. त्याचाच परिणाम म्हणून तू इतकी ताठ झालीस की मलाच उलट बोलून जबलपूर गाठलंस. मला त्याचंही वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर. मान वर आहे ना, मग ठीक आहे.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. तू लिहितेस की असंच चालणार असेल तर जूनमध्ये येऊन पोरीला घेऊन जाईन आणि पहिलीत तिकडेच घालीन. तुझी दवाखान्यात नाइट ड्युटी, रुपराव आठ-आठ दिवस लाइनवर. मग पोरीला बघणार कोण, पगारावर लावलेली बाई? इथे शाळा दोन गल्ल्यांवर आहे. कुसुमताई त्याच शाळेत शिकवतात. आणि ही पोरगी गेली तर या घरात उरतं काय, दोन म्हातारी माणसं आणि एक रेडिओ. ती गेली तर मला सहन होणार नाही.

हे शेवटचं वाक्य आईचं आहे.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
९ मे १९७३

चि. कौसल्या,

आता झालं ते सरळ लिहितो. तुझी आई आज सांगत नाही, बाहेर ओट्यावर तांदूळ निवडते आहे आणि तिने मला बजावलं आहे, "सगळं लिवा, आपल्याकून काही जोडू नोका."

परवा दुपारी तापलेल्या वाऱ्याची लू चालली होती. दार लावून मी विशाखाला पाढे म्हणायला बसवलं होतं. तेवढ्यात तिच्या पाटीवर थेंब पडला, मग धारच लागली. मी तिला उचलून दारात आणलं, मान वर धरली. शेजारपाजार जमला. सिंधूताई कांदा फोडून धावत आल्या आणि पोरीच्या नाकाशी नेला. मी म्हटलं, बाई, नाकाने कांदे सोलायची सवय तुम्हाला आहे, आमच्या पोरीला नाही. त्या रुसून उभ्याच राहिल्या. दुसऱ्या कोणी ओल्या मातीचा गोळा हुंगायला आणला. तिसरे म्हणाले उष्णता झाली आहे, कैरीचं पन्हं पाजा. प्रत्येकाकडे औषध होतं आणि पोरीच्या नाकातलं रक्त थांबत नव्हतं.

विशाखा घोटाघोटाने गिळत होती. मला म्हणाली, "आबाजी, घशात येऊन राहिलं."

मी म्हणालो, "मान वर ठेव वं. अजून थोडी वर."

मग ती खोकली आणि तिला श्वास घेता येईना. डोळे मोठे झाले. कौसल्या, मला गिरणीत कधी भीती वाटली नाही, संपात लाठ्या खाल्ल्या तेव्हाही नाही. त्या क्षणी वाटली.

तुझी आई विहिरीवरून आली. हातातला घडा तिने तिथेच खाली ठेवला.

"काहून धरली पोरीची मान अशी? जीव गुदमरून राहिला ना तिचा!"

"मान खाली घालायची नाही आपल्या लेकराने," मी म्हणालो. आता लिहिताना माझं मलाच ऐकू येतं, पण तेव्हा म्हणालो खरं.

"विहारात बुद्धापुढं तीन तीन डाव डोकं टेकवता," ती म्हणाली, चार लोकांसमोर. "तवा तुमची मान कुठं जाते? कोनाच्या धाकानं वाकनं अलग, आन् आपल्या मनानं वाकनं अलग. सरका तिकडं!"

मी सरकलो. तिने पोरीला पायरीवर बसवलं, पुढे वाकवलं, तोंडातलं थुंकायला लावलं, नाक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घड्याळ पाहा." मी घड्याळ पाहत उभा राहिलो. लोक हळूहळू पांगले. सिंधूताई कांदा घेऊन परत गेल्या. तुझ्या आईने हात काढला तेव्हा नाक कोरडं होतं. उलटी झाली नाही. पोरगी म्हणाली, "भूक लागली."

बत्तीस वर्षांच्या संसारात तुझी आई मला सगळ्यांसमोर एवढं बोलली नव्हती. राग आला म्हणावं तर तेही नाही. संध्याकाळी विहारात गेलो, वंदनेला वाकलो आणि वाकल्यावर थोडा वेळ तसाच राहिलो. भन्तेजींना वाटलं कंबर धरली.

अजून जूनला अवकाश आहे. मला तेवढा वेळ दे. हे मी माझ्याकडून लिहितो आहे, आई बाहेर आहे.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
२६ मे १९७३

चि. कौसल्या,

तुझं पत्र या वेळी 'आई व बाबा' असं आलं. आईने दोनदा वाचून घेतलं, पाकिटावरचं सुद्धा.

आता नाक धरायला मीही शिकतो आहे. पहिल्या दिवशी माझं चुकलंच. मी नाक धरलं खरं, पण वर, हाडावर. रक्त आपलं खालून निवांत गळतंय आणि मी जोर लावतोय. विशाखा ओरडली, "आबाजी, आजी खाली धरते!" मग खाली धरलं तर घडीघडीला चिमटी उघडून बघायचो, थांबलं का म्हणून. तू लिहिलंस की उघडून बघितलं की जमलेलं रक्त पुन्हा सुटतं. आता बघत नाही. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं.

तू सांगितल्यासारखं बाकीचंही सुरू आहे. खिडकीला बारदान टांगून दुपारभर त्यावर पाणी मारतो, हवा ओली राहते. निजताना बोटाच्या टोकाने व्हॅसलीन नाकात आतल्या बाजूने हलकंसं लावतो. नखं मी स्वतः कापतो. ही पोरगी झोपेत नाक कोरते हे आम्हाला माहीतच नव्हतं! तुझ्या आईने तिच्या हातात झोपताना जुनं मऊ लुगडं द्यायला सुरुवात केली, म्हणजे बोटं त्यात गुंततात. ही तिची स्वतःची युक्ती आहे, तुझ्या पुस्तकात नसेल.

तू विचारलंस म्हणून अंगावर निळे डाग आहेत का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, तेही पाहिलं. नाही. तरी मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरने बत्ती लावून नाकात बघितलं, रक्त तपासायला घेतलं. तपासणीत काही निघालं नाही. नाकातल्या पडद्यावर पुढेच एक बारीक शीर आहे, कोरड्या हवेने खपली धरते आणि खपली निघाली की वाहते, मोठी झाली की बहुतेक पोरांचं हे जातं, असं म्हणाले. अर्ध्या तासात थांबलं नाही तर मात्र थेट आणा, म्हणाले. मग मी नाक कसं धरतो ते पाहून विचारलं, दाबायचं इतकं बरोबर कोणी शिकवलं?

मी म्हणालो, "घरातच आहे कोणीतरी."

"कोनीतरी काय!" तुझी आई म्हणाली. "पोरगी हाये आमची. जबलपूरच्या दवाखान्यात सिस्टर हाये."

मी मान डोलावली.

आता खरी गंमत. दहा मिनिटं पाच वर्षांच्या पोरीला वाकवून बसवायचं म्हणजे नाकी नऊ येतात. चुळबुळ करते, बोलायला बघते, हसते. म्हणून मी गोष्टी सांगायला लागलो. नाक धरलं की गोष्ट सुरू, नाक सोडलं की गोष्ट बंद. कधी गिरणीतल्या, कधी गावच्या. तिला बोलायची परवानगी नाही, त्यामुळे मला इतका चांगला ऐकणारा जन्मात मिळाला नव्हता.

परवा माझ्या मायची गोष्ट सांगितली. माझी माय दाई होती, हे तुला माहीत आहे, पण मी कधी नीट सांगितलं नव्हतं. गावात कोणाच्याही घरी पोर यायचं झालं की तिला बोलावणं. उंबऱ्याच्या आत नाळ कापायला चालायची, आणि काम झालं की अंगणाबाहेर बसवून भाकर वरून टाकायचे. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जगात आली, आणि त्यातलीच मोठी होऊन तिला दूर सरक म्हणायची. तू नर्सिंगला निघालीस तेव्हा मला ती भाकर दिसली. म्हणून मी बोललो, की गावकीची कामं सोडून आलो आणि तू पुन्हा लोकांची घाण काढायला चाललीस. तू म्हणालीस, 'मी शिकून चालले आहे.' दोघांच्याही नाकावर राग. त्यात चार वर्षं गेली.

गोष्ट संपली, नाक सोडलं. पोरगी रक्ताचं विसरली आणि म्हणाली, "मंग तुमच्या मायले दवाखान्यात नौकरी काहून नाई देल्ली? तिले तं सगळंच येत होतं!"

रात्री तुझ्या आईला सांगितलं तर ती हसली आणि मग रडली. मलाही रडू आलं. माझी माय शिकली असती तर तीच सिस्टर झाली असती, एवढं माझ्या डोक्यात पाच वर्षांच्या पोरीने घातलं.

बाबा


इंदोरा, नागपूर
१३ जून १९७३

प्रिय कौसल्या,

आई झोपली आहे. हे पत्र फक्त माझं आहे.

अठरा-वीस दिवस झाले, घोळणा फुटलेला नाही. मध्ये एकदा सकाळी पुसटसा आला तेवढंच, नाक धरलं आणि नळ राजाची गोष्ट अर्ध्यावर यायच्या आत थांबला. पाऊस पडलेला नाही, पण हवा बदलली आहे. म्हणजे तुझी अट मी पुरी केली. कुसुमताई काटोलहून परत आल्या, शाळेत नाव घालायचं त्यांच्याशी बोलूनही झालं. मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नाही.

पण आता तुझ्या पोरीने वेगळाच ताप लावला आहे. रक्त येत नाही म्हणून गोष्ट नाही, हे तिला मंजूर नाही. रोज दुपारी येते, आपण होऊन पायरीवर पुढे वाकून बसते आणि म्हणते, "आबाजी, नाक धरा." मी म्हणतो, रक्त कुठं आहे? म्हणते, "येईन ना मंग! आधीच धरा." मी धरतो. कोरडं, ठणठणीत नाक चिमटीत धरून मी दारात बसतो आणि गल्लीतले लोक बघत जातात. देवराव सायकलवरून उतरून विचारत होता, "अजून थांबलं नाई का गा?" मी म्हटलं, थांबलं, पण गोष्ट थांबली नाही.

काल ती म्हणाली, "आज माह्या मायची गोष्ट सांगा."

नाक धरलं आणि सुरू केलं. तुझी माय लहानपणी कडुलिंबावर चढून बसायची आणि उतरायची नाही. सांगितलं. शाळेत तिला मागे बसवलं तर पुढे जाऊन बसली आणि गुरुजी बघतच राहिले. सांगितलं. छप्पन साली माझं बोट धरून चालता चालता पाय दुखले तरी थांबू या म्हणाली नाही, ते सांगितलं. मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या आईने साऱ्या गल्लीत साखर वाटली, तेही सांगितलं. तिचं लग्न, या विशाखाचा जन्म. मग ती एक लोखंडी पेटी घेऊन स्टेशनवर गेली आणि गाडीत बसली.

तिने माझा हात बाजूला सारला. "मंग?"

"मग जबलपूरला गेली."

"मंग?"

मला पुढचं माहीत नव्हतं, कौसल्या. तू पहिल्या रात्री कुठे झोपलीस, पहिल्यांदा कोणाचं रक्त थांबवलंस, तिथे तुला कोणी दूर सरक म्हणालं का, म्हणालं तर तू काय केलंस, मला काहीच माहीत नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी तिला आभाळातल्या विमानाचं काहीतरी सांगितलं. तिला पटलं नाही. मलाही पटलं नाही.

रात्रभर विचार केला आणि सकाळी स्टेशनवर जाऊन तिकिटं काढून आलो. येत्या मंगळवारी आम्ही तिघं निघतो. इटारसीला गाडी बदलू, बुधवारी सकाळी जबलपूरला पोचू. आईने कुरडया बांधायला घेतल्या आहेत, मी सांगितलं अर्ध्या ठेव तर ऐकत नाही. व्हॅसलीनची डबी माझ्या खिशात आहे. डब्यात खिडकी उघडी असते, हवा कोरडी असते, पण तू घाबरू नकोस, इटारसी काय, तुझ्या दारापर्यंत मी नाक धरून आणीन.

शाळा तिकडे घालायची की इकडे, ते तू आणि रुपराव ठरवा. पोरगी तुझी आहे. मी भांडणार नाही, निदान पहिले दोन दिवस तरी. तिला तिकडेच ठेवलंस तर मला फार जड जाईल, हे वाक्य आईचं नाही, माझं आहे. पण मी हरलो म्हणून तिला आणत नाही आणि तू मागितली म्हणूनही नाही. नाक आता मला सांभाळता येतं. तिला बाकीची गोष्ट हवी आहे.

स्टेशनवर उतरवून घ्यायला ये. ड्युटी संपवून थेट आलीस तरी चालेल, कपडे बदलायला घरी जाऊ नकोस. तशीच ये, पांढऱ्या साडीत. विशाखाला मी सांगून ठेवलं आहे की पुढचं सगळं तिची आई सांगेल आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. मीही बोलणार नाही.

तुझा,
बाबा